अदृश्य माणसाला थंडी वाजते का?

ब्रह्मपुरीजवळच्या एका गावातील वाचनालयात महिन्यातून एकदा भिंतीला पांढरी चादर लावून विज्ञानपट दाखवला जातो आणि त्यानंतर वाद रंगतो. तो वाद दर वेळी एकाच ठिकाणी अडतो, असे तेथील एका विद्यार्थ्याने मला कळवले आहे. एक गट म्हणतो की कादंबरीतले निम्मे प्रसंग गाळले, म्हणजे रूपांतर फसले. दुसरा गट म्हणतो की सिनेमा ही स्वतंत्र कला आहे, तिच्या डोक्यावर कादंबरीचे गाठोडे कशाला द्यायचे? विज्ञान-कादंबरी सिनेमात कितपत उतरली हे ठरवायचे कसे, आणि आधी पुस्तक वाचावे की आधी सिनेमा पाहावा, असे त्याचे दोन प्रश्न आहेत.

मी सिनेमा कधी केलेला नाही. पूर्व विदर्भातल्या वडसा परिसरातील झाडीपट्टी रंगभूमीसाठी गेली सव्वीस वर्षे नाटके लिहितो, आणि त्यांतील बरीचशी दुसऱ्यांच्या कथा-कादंबऱ्यांवरून बेतलेली आहेत. त्यामुळे माझे उत्तर समीक्षकाचे नाही. दुसऱ्याचे कापड घेऊन आपल्या मापाचा सदरा शिवणाऱ्याचे आहे, आणि त्यात कात्री कुठे चुकली याच्या आठवणीच जास्त आहेत.

पहिली मोठी चूक एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीवरून नाटक करताना झाली. एक माणूस दिसेनासा होतो, एवढ्यावर रात्रभर प्रेक्षक धरून ठेवता येईल असा माझा हिशेब होता. मी नायकाला गावातला हुशार पण अपमानित तरुण केले, सावकार आणला, एक प्रेमप्रकरण घातले आणि दोन गाणी टाकली. दिसेनासा झाल्यावर तो सावकाराच्या वाड्यात शिरून हिशेबाच्या वह्या जाळतो, या प्रसंगाला टाळ्या हमखास पडणार होत्या आणि त्या पडल्याही. प्रयोग जानेवारीत होता, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत. माणसे घोंगड्या, चादरी पांघरून बसलेली. मध्यंतरात मी चहाच्या टपरीमागे उभा असताना एक म्हातारी दुसरीला म्हणाली, “आंगावर चिंधी नाही म्हन्ते, मंग त्याले हिव नाही लागे का?”

माझ्या नाटकात तो कपडे काढतो, कारण कपडे दिसले असते. एवढे मी वेल्सकडून घेतले होते. पण त्यापुढचे सगळे मी फेकून दिले होते. घरी येऊन कादंबरी पुन्हा उघडली तेव्हा लक्षात आले की त्या म्हातारीचा प्रश्न हाच कादंबरीचा कणा आहे. वेल्सचा ग्रिफिन अदृश्य होऊन बाहेर पडतो तो लंडनच्या जानेवारीत, उघड्या अंगाने, आणि चिखलात त्याच्या पावलांचे ठसे उमटत जातात म्हणून पोरे त्याच्या मागे लागतात. कुत्र्यांना त्याचा वास येतो. खाल्लेले अन्न पचेपर्यंत पोटात दिसत राहते, त्यामुळे जेवण झाले की लपून बसणे आले. उबेसाठी कपडे घालावेत तर दिसतो, आणि दिसू नये म्हणून काढावेत तर गारठतो. जगावर राज्य करू पाहणारा हा माणूस कपडे आणि जेवण मिळवण्यासाठी एका मोठ्या दुकानात लपून रात्र काढतो. वेल्सने एक अशक्य गोष्ट मान्य करून घेतली आणि नंतर एकही सवलत घेतली नाही.

ही मान्य करून घेतलेली अशक्य गोष्ट आणि तिच्यामागून ओघाने येणारे परिणाम, या दोन्हींना मिळून मी कादंबरीची ‘अट’ म्हणतो. तुमच्या वाचनालयातील वाद अडतो तो दोन्ही गट प्रसंग मोजत बसतात म्हणून, असे मला वाटते. कुठला प्रसंग राहिला आणि कुठला गेला हे दुय्यम आहे. अट राहिली का, आणि बदलली असेल तर बदललेल्या अटीचे परिणाम नव्याने शेवटपर्यंत नेले का, एवढे तपासावे.

याच कादंबरीवरचे दोन सिनेमे घ्या. १९३३ साली जेम्स व्हेल यांनी केलेल्या सिनेमात नायकाचे वेड एका औषधाचा परिणाम ठरवले आहे. कादंबरीत असे काही नाही, तेथे त्याचा अहंकार पहिल्यापासून आहे. हा बदल मला आवडत नाही, कारण माणसाचा दोष बाटलीवर ढकलला जातो. पण त्या सिनेमात जेवल्यावर तासभर लपून राहावे लागते, पावसापासून जपावे लागते, आणि शेवटी बर्फातली पावलेच त्याचा घात करतात. माणूस बदलला, अट तशीच राहिली. उलट ली व्हॅनेल यांच्या २०२० सालच्या सिनेमात शरीर अदृश्य होतच नाही. कॅमेऱ्यांनी मढवलेला एक पोशाख असतो आणि तो घालणारा माणूस दिसत नाही. पोशाख आला म्हणजे थंडी गेली आणि उपासमारही गेली, वेल्सच्या निम्म्या अडचणी एका फटक्यात संपल्या. त्याच्या बदल्यात दिग्दर्शकाने छळ सोसणाऱ्या स्त्रीच्या बाजूने गोष्ट सांगितली, आणि ‘घरात कोणीतरी आहे’ हे तिचे म्हणणे कोणालाच पटत नाही, या एकाच परिणामावर सगळा सिनेमा उभा केला. वेल्सशी त्याचे नाते नावापुरतेच आहे, पण स्वतःच्या नव्या अटीशी तो इमान राखतो. मला विचाराल तर मूळ प्रसंग जपून अट सांडणाऱ्या माझ्या नाटकापेक्षा तो कितीतरी बरा.

येथे एक खुलासा करायला हवा. अट विज्ञानाच्या कसोटीवर खरी असलीच पाहिजे असे मी म्हणत नाही. वेल्सच्या अदृश्य माणसाला खरे तर दिसायला नको, कारण डोळ्यांतून प्रकाश आरपार गेला तर डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रतिमा उमटणार कशी? अँडी वीअर यांच्या ‘द मार्शियन’मध्ये आणि त्यावरील २०१५ सालच्या सिनेमातही सगळी गोष्ट मंगळावरील ज्या वादळाने सुरू होते, तसे वादळ तेथे होणे कठीण आहे; मंगळाच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याच्या आसपास असतो, तेथील वारा यान कलंडवू शकणार नाही. तेवढे सोडले, तर मंगळावर एकट्याच अडकलेल्या माणसाला बटाटे किती दिवस पुरतील याचा हिशेब पुस्तकात आणि पडद्यावर दोन्हीकडे नेटाने चालतो. कास्तकाराच्या घरात वाढलेल्या माणसाला हा सिनेमा का आवडतो हे वेगळे सांगायला नको.

आता अट पडद्यावर नेताना नेमके काय सांडते, ते जवळून दाखवतो. मायकेल क्रायटन यांची ‘जुरासिक पार्क’ ही कादंबरी १९९० सालची आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा सिनेमा १९९३ सालचा. उद्यानातले सगळे डायनोसॉर माद्या असल्यामुळे त्यांची पैदास होणार नाही असे उद्यानवाल्यांनी ठरवले आहे, आणि तेच चुकते. सिनेमात हे कसे कळते? जंगलात फुटलेल्या अंड्यांची टरफले सापडतात. दृश्य सुंदर आहे, दोन मिनिटांत उरकते आणि मुलांनाही समजते. कादंबरीत मात्र ते कळते एका संगणकाच्या पडद्यासमोर. उद्यानात २३८ प्राणी असायला हवेत, आणि यंत्रणा वारंवार मोजून २३८ सांगते. गणितज्ञ माल्कम म्हणतो की आता यंत्राला २३९ शोधायला सांगा. यंत्र २३९ शोधते आणि त्याला ते सापडतात! मग ३०० शोधायला सांगतात, तेव्हा आकडा अपेक्षेपेक्षा पन्नासहून अधिक निघतो. यंत्रणा बनवणाऱ्यांना भीती होती ती प्राणी कमी होण्याची, म्हणून अपेक्षित आकडा भरला की मोजणे थांबत असे. जास्त असतील, हा विचार कोणाच्या मनाला शिवलाच नव्हता.

हा प्रसंग मी एका परिचित वनरक्षकाला वाचून दाखवला. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राणी मोजण्यात त्यांच्या कितीतरी रात्री गेल्या आहेत. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, की कागदावर ज्या जनावराचा रकाना नसतो, ते जनावर पाणी पिऊन गेले तरी आलेच नाही असे होते. कादंबरीची अट त्यांनी एका वाक्यात सांगितली: माणसाने जे मोजायचे ठरवले तेवढेच त्याला दिसते. सिनेमाने ही अट टरफलांच्या दृश्यात गुंडाळली, आणि त्यामुळे ‘निसर्ग वाट काढतो’ हे उरले, पण ‘आपलीच मोजणी आपल्याला फसवते’ हे गेले. पडद्यावर आकडे बदलताना दाखवण्यात नाट्य नाही असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही, कारण एका खोलीत पाच माणसे आणि वाढत जाणारा एक आकडा, एवढ्या सामग्रीवर मी झाडीपट्टीत एक अख्खा अंक करून दाखवीन. तरीही सिनेमा म्हणून तो पक्का आहे हे कबूल केले पाहिजे. प्राणी खरेच समोर उभे आहेत असे वाटणे, हे त्या अटीचे दुसरे अंग आहे, आणि ते कादंबरीला शब्दांत इतके साधले नव्हते.

दुसरी अडचण मनातल्या बोलण्याची. कादंबरीत पात्र काय विचार करते हे लेखक सरळ लिहून टाकतो. आमच्या रंगभूमीवर नट प्रेक्षकांकडे तोंड करून स्वगत म्हणतो आणि कोणाला त्यात खटकत नाही. सिनेमाला मात्र स्वगत मानवत नाही. फ्रँक हर्बर्ट यांची १९६५ सालची ‘ड्यून’ ही तर मनातल्या बोलण्याचीच कादंबरी आहे. डेव्हिड लिंच यांनी १९८४ साली तिच्यावर सिनेमा केला तेव्हा पात्रांचे विचार कुजबुजत्या आवाजात ऐकवले. प्रामाणिकपणा म्हणावा तर हाच, शब्द थेट कादंबरीच्या धर्तीचे. पण परिणाम असा की प्रत्येक जण प्रॉम्प्टरचे ऐकून बोलतो आहे असे वाटत राहते. डेनी व्हिलनव्ह यांनी २०२१ आणि २०२४ अशा दोन भागांत तीच कादंबरी केली, तेव्हा कुजबुज काढली आणि नायक पॉलविषयीची शंका त्याच्या प्रेयसीच्या, चानीच्या चेहऱ्यावर ठेवली. कादंबरीत चानी पॉलच्या बरोबर शेवटपर्यंत आहे. सिनेमात ती त्याला सोडून निघून जाते. वाचकांना हा बदल खुपतो. माझ्या मते तो रास्त आहे, कारण लोक ज्याला तारणहार म्हणून डोक्यावर घेतात त्याच्यापासूनच त्यांनी सावध राहावे, हे हर्बर्ट यांना सांगायचे होते आणि त्यासाठी त्यांना पुढे १९६९ साली दुसरी कादंबरी लिहावी लागली. तो इशारा सिनेमाने पहिल्याच गोष्टीत दिला.

लिंच यांचा खरा अपराध कुजबुजीचा नाहीच. त्यांच्या सिनेमाच्या शेवटी वाळवंटी अराकिस ग्रहावर एकाएकी पाऊस पडतो. आपल्याकडे मृगात पावसाने दडी मारली की माणसे आभाळाकडे कशी बघतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा शेवट क्षणभर सुखावतो. पण कादंबरीची सगळी अट त्या कोरडेपणावर उभी आहे. अंगातला घाम आणि श्वासातली वाफ परत मिळवणारा पोशाख, मेलेल्या माणसाच्या शरीरातले पाणी टोळीच्या मालकीचे असणे, हे सगळे त्यातूनच आलेले आहे. शिवाय त्या वाळूतल्या अजस्र किड्यांना पाणी विषासारखे असते, आणि ज्या मसाल्यासाठी एवढी युद्धे होतात तो मसाला त्या किड्यांपासून होतो. पाऊस पडला म्हणजे किडे मेले, किडे मेले म्हणजे मसाला संपला, आणि मसाला संपला म्हणजे नुकताच जिंकलेला सम्राट रिकाम्या हाताने उभा राहिला. टाळ्यांसाठी मी सावकाराच्या वह्या जाळल्या, त्यांनी पाऊस पाडला. चूक एकाच जातीची.

तुमच्या पत्रात ‘ब्लेड रनर’चा उल्लेख ओझरता आहे, मी त्यावर थोडा थांबतो. रिडली स्कॉट यांचा हा सिनेमा १९८२ सालचा, आणि तो फिलिप के. डिक यांच्या १९६८ सालच्या कादंबरीवर आहे. डिक सिनेमा प्रदर्शित होण्यापूर्वी काही महिने वारले. कादंबरीचा नायक डेकार्ड याच्या घराच्या गच्चीवर एक विजेवर चालणारी मेंढी असते. खरी मेंढी मेल्यावर त्याने ती नकली आणून ठेवली आहे, आणि शेजाऱ्याला हे कळू नये म्हणून तो रोज तिची देखभाल करण्याचे सोंग करतो. शेजाऱ्याची घोडी खरी, तीही गाभण. युद्धाने बहुतेक प्राणी नष्ट केलेल्या त्या जगात जितराब पाळणे हे माणूसपणाचे प्रमाणपत्र झाले आहे. ही गोष्ट आपल्या भागात समजावून सांगावी लागत नाही. बैलजोडी विकावी लागल्यानंतर पोळ्याच्या दिवशी दारात मातीचे बैल मांडणारी घरे मी पाहिली आहेत. तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल मिरवतात तो खेळ असतो, पण मोठ्या माणसाने दारापुढे मातीचे बैल मांडून समोरच्या घरातली खरी जोडी बघत उभे राहणे हा खेळ नसतो. सिनेमातून ती मेंढी गेली. घुबड आणि साप तेवढे उरले, शोभेपुरते. त्याबरोबर प्रश्नही उलटला: कादंबरी विचारते की माणसाची करुणा खरी की दाखवण्यापुरती, आणि सिनेमा विचारतो की चार वर्षांचे आयुष्य मिळालेल्या कृत्रिम जिवाला मरणाची भीती वाटत असेल तर तो माणसाहून कमी कसा? दुसरा प्रश्नही मोठा आहे. पण या सिनेमाला कादंबरीचे उत्तम रूपांतर म्हणणे मला जमत नाही. तो त्या कादंबरीच्या आवारात उभारलेला दुसरा वाडा आहे.

‘सोलारिस’च्या बाबतीत स्टॅनिस्लाव लेम यांची तक्रार अशाच प्रकारची होती. त्यांची कादंबरी १९६१ सालची. १९७२ साली तारकोव्हस्की यांनी सिनेमा केला तेव्हा त्यांनी दस्तयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ केली, माझी गोष्ट केली नाही, असे लेम म्हणाले. कादंबरी थेट अवकाशात सुरू होते, तर सिनेमा बराच वेळ पृथ्वीवर, वडिलांच्या घराजवळच्या तळ्याकाठी रेंगाळतो. लेम यांना त्या परक्या ग्रहावरच्या अनाकलनीय महासागराविषयी बोलायचे होते, दिग्दर्शकाला घराच्या ओढीविषयी. मी लेम यांच्या बाजूचा आहे, पण तळ्यातल्या त्या हलणाऱ्या शेवाळासाठी सिनेमा पुन्हा पाहतो.

उलट अगदी लहानशा युक्तीत अट कशी मावते याचे उदाहरण त्रुफो यांच्या १९६६ सालच्या ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये आहे. रे ब्रॅडबरी यांच्या त्या कादंबरीत पुस्तके जाळली जातात आणि वाचणे गुन्हा आहे. सिनेमाच्या सुरुवातीची श्रेयनामावली पडद्यावर लिहिलेली नाही, ती बोलून दाखवली आहे. पहिल्या मिनिटापासून प्रेक्षकाचे वाचन काढून घेतले जाते. हे दृश्य कादंबरीत असणे शक्यच नव्हते, आणि तरीही यापेक्षा एकनिष्ठ रूपांतर मला ठाऊक नाही.

राहिला ‘अरायव्हल’, ज्यावर तुमच्याकडे सर्वांत कडाक्याचा वाद झाला. टेड चियांग यांची मूळ कथा १९९८ सालची, सिनेमा व्हिलनव्ह यांचा २०१६ सालचा. कथेच्या गाभ्यात प्रकाशाचा एक नियम आहे. बोडीच्या पाण्यात बांबू तिरका बुडवला की तो मोडल्यासारखा दिसतो. प्रकाश हवेतून पाण्यात जाताना वाकतो, आणि जी वाट कमीत कमी वेळाची असते नेमकी तीच तो धरतो. पण कमीत कमी वेळाची वाट निवडायची, तर निघण्यापूर्वीच कुठे पोहोचायचे हे ठाऊक असायला हवे! परग्रहावरील जीव असाच विचार करतात, त्यांना आरंभ आणि शेवट एकदम दिसतो. त्यांची भाषा शिकता शिकता नायिकेलाही आपले पुढचे आयुष्य दिसू लागते. सिनेमात हा प्रकाशाचा नियम जवळजवळ नाही. त्याऐवजी वर्तुळाकार लिपी आहे, आणि ती इतकी नेमकी सुचली आहे की नियमाची उणीव फारशी जाणवत नाही.

अट मोडते ती पुढे. सिनेमात नायिका भविष्यात ऐकलेली माहिती वर्तमानात वापरून एका सेनापतीला फोन करते आणि युद्ध टळते. कथेत असे काही नाही आणि असू शकत नाही. तेथे पुढचे ठाऊक असणे म्हणजे ते वापरता येणे नव्हे. ठाऊक असलेले मुद्दाम पार पाडणे आहे. चियांग त्यासाठी लग्नविधीचा दाखला देतात. आपल्याकडे शेवटचे मंगलाष्टक कधी संपणार आणि अक्षता कधी पडणार हे मांडवातल्या पोराटोरांनाही माहीत असते, तरी ते शब्द उच्चारल्याशिवाय लग्न लागत नाही. ज्या नटाने एकच भूमिका शंभर रात्री केली आहे त्याला हे विशेष समजेल. दुसरा बदल त्याहून बारीक आहे. सिनेमात नायिकेची मुलगी किशोरवयात आजाराने जाते. कथेतली पंचविसाव्या वर्षी डोंगर चढताना पडून. आजार कोणाच्या हातात नसतो, पण अपघात ‘आज जाऊ नकोस’ एवढ्या एका वाक्याने टळू शकला असता, आणि आई ते वाक्य बोलत नाही. वाचकाच्या छातीवर दगड ठेवणारी गोष्ट हीच, आणि सिनेमाने ती हळुवारपणे उचलून बाजूला ठेवली. सिनेमा पाहून रडलेल्या मंडळींना मी नावे ठेवत नाही, मीही रडलो होतो. मात्र कथा वाचून मला रडू आले नाही, चार दिवस बोलणे सुचले नाही.

तुमच्या वाचनालयात पुढचा वाद घालण्यापूर्वी एक करून पाहा. सिनेमा सुरू होण्याआधी दोन्ही गटांनी कादंबरीची अट आपापल्या कागदावर दोन ओळींत लिहून घडी घालून ठेवावी आणि सिनेमा संपल्यावर उघडावी. बहुतेक वेळा असे दिसेल की दोन गटांच्या अटीच वेगळ्या आहेत, आणि भांडण सिनेमाविषयी नसून पुस्तकाविषयी आहे.

आधी काय, याचे उत्तर पुस्तकागणिक वेगळे आहे. ‘जुरासिक पार्क’ आधी पाहावा, मग वाचावा, म्हणजे २३८ चा आकडा अंगावर येतो. ‘ड्यून’ कोणत्याही क्रमाने चालेल. चियांग यांची कथा मात्र आधीच वाचा, कारण ती ज्या क्रमाने उलगडते तो क्रम एकदा पडद्यावर पाहिला की पुन्हा मिळत नाही. आणि वेल्सची कादंबरी थंडीत वाचा. माझे ते नाटक पुढच्या हंगामात मी पुन्हा लिहिले. दुसऱ्या अंकात रिकाम्या रंगमंचावर फक्त एक शेकोटी ठेवली, आणि विंगेतून दात वाजण्याचा आवाज. तो आवाज सुरू झाला की पुढच्या रांगेतल्या बाया आपापल्या चादरी घट्ट ओढून घेत.